मला कोपऱ्यातच ठेव

आमच्या पेटीवाल्या मामांइतका नम्र माणूस अख्ख्या ऑस्ट्रेलिया खंडात सापडणार नाही, आणि ही गोष्ट खंडातल्या प्रत्येकाला कळावी म्हणून मामांइतके कष्टही दुसऱ्या कुणी घेतले नसतील. मामा माझे सख्खे मामा नव्हेत. मेलबर्नच्या पश्चिमेला, ट्रुगानिनाच्या आसपास राहणारी आम्ही साठ-सत्तर मराठी ख्रिस्ती माणसं दर रविवारी एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन मराठीत उपासना करतो, हीच आमची मंडळी. तिथे मामा पेटी वाजवतात म्हणून ते पेटीवाले; आणि मूळचे जालन्याचे, वयानं मोठे, कुणाच्याही घरी न कळवता जेवायला येऊ शकणारे, म्हणून मामा. पोटापाण्यासाठी ते बस चालवतात. म्हणजे कागदोपत्री तेच चालवतात. "बस मी नाही चालवत राजा, प्रभू चालवतो. मी नुसतं स्टिअरिंग धरतो," असं त्यांचं म्हणणं. बस वेळेवर पोचली की ती प्रभूनं चालवलेली असते. उशीर झाला की मात्र कुणीतरी रस्ता खणून ठेवलेला असतो. इकडे बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायची चांगली पद्धत आहे. कुणी तसं म्हणालं की मामा मान हलवतात आणि एक बोट वर आभाळाकडे करतात. एकदा एका गोऱ्या आजीबाईंना वाटलं, वरचा एसी फार गार होतोय का असं हा विचारतोय. "नो, नो, इट्स लव्हली, डार्ल," म्हणून त्या उतरून गेल्या. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उपासनेत उभं राहून सांगायचं, त्याला आमच्यात साक्ष म्हणतात; मामांनी पुढच्या रविवारी ही हकीकत साक्ष म्हणून सांगितली. त्या साक्षीत आजीबाईंनी वर पाहून हात जोडले होते.

मामांचा सगळ्यात आवडता प्रश्न म्हणजे "मी कोण?" हा प्रश्न ते विचारतात आणि थांबतात. भजन रंगलं, लोक म्हणाले, "मामा, आज काय वाजवलंत!" की मामा दोन्ही हात छातीशी नेऊन म्हणणार, "मी कोण? सगळं त्याचं." आता इथे समोरच्यानं "असं कसं मामा, बोटं तुमचीच ना," वगैरे म्हणायचं असतं. पाहुणा चहाला नको म्हणाला तरी आपण आधण ठेवतोच, तसाच हा व्यवहार. एकदा इथल्या युनिव्हर्सिटीत नवीन आलेला एक विद्यार्थी होता, फारच सरळमार्गी. मामा त्याला म्हणाले, "मी कोण? सगळं त्याचं." तो म्हणाला, "हो ना, खरंय." मामा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग आवाज थोडा चढवून म्हणाले, "मी कोण रे? मी कुणीच नाही." तो म्हणाला, "करेक्ट." पुढे दोन महिने मामांनी सगळ्यांना स्वतःच्या हातानं भजनाची पुस्तकं वाटली, त्याला सोडून.

ही नम्रता पूर्ण फुलून येते ती प्रार्थनेत. मामांची प्रार्थना "हे प्रभू, तुला ठाऊकच आहे" अशी सुरू होते, आणि मग प्रभूला जे जे ठाऊकच आहे ते ते त्याला तपशीलवार सांगितलं जातं. "तुला ठाऊकच आहे प्रभू, की काल माझी सुट्टी होती. तरी या अयोग्य दासाला तू प्रेरणा दिलीस, आणि मी त्या आजारी बहिणीचं कपाट वरच्या मजल्यावर एकट्यानं चढवलं. एकट्यानं म्हणजे, तू होतासच." सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना खाली, मध्येच कुणाला "पुरे" म्हणता येत नाही. जाहिरातीसाठी यापेक्षा सोयीची जागा अजून कुणाला सुचलेली नाही. महामारीत आमची उपासना ऑनलाइन गेली तेव्हा आम्ही फुकटातली मीटिंग वापरायचो, ती चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडायची. एका रविवारी मामांनी बत्तिसाव्या मिनिटाला प्रार्थना धरली. आठवडाभरात त्यांच्या हातून काय काय घडलं हे प्रभूला कळवता कळवता चाळीस मिनिटं संपली आणि आम्ही सगळे आपापल्या घरात मोकळे झालो. मामींनी नंतर सांगितलं की मामा पुढे दहा मिनिटं काळ्या पडद्यापुढे डोळे मिटून बोलत होते. दुपारी त्यांचा मला फोन आला. "काही हरकत नाही राजा, ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलं," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "पण तुम्हाला साधारण कुठपर्यंत ऐकू आलं?"

लॉकडाउनचे ते महिने आठवले की अजून अंगावर येतात. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही, व्यायामाला दिवसातून एक तास, तोंडाला मास्क, आणि इंडियाचं विमान तर विचारूच नका. आमच्याकडे कितीतरी पोरं भाड्याच्या खोल्यांत कोंडली गेली होती. कुणाचं काम सुटलेलं, कुणी पॉझिटिव्ह. मामा शिफ्ट संपवून यायचे, मोठ्या पातेल्यात पुलाव शिजवायचे आणि स्टीलच्या डब्यांतून या पोरांच्या दाराशी ठेवून यायचे. हे त्यांनी अनेक आठवडे केलं, आणि मनापासून केलं, हे मला मान्य केलंच पाहिजे. पण करून गप्प बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नव्हतं. रोज मंडळीच्या ग्रुपवर फोटो यायचा. "माझा फोटो नको," असं मामा खाली लिहायचे, "सेवेचा फोटो टाकतो." फोटोत एक डबा असायचा, आणि डब्याच्या चकचकीत झाकणात वाकून फोटो काढणारे मामा स्पष्ट दिसायचे. सुरुवातीला मला तो योगायोग वाटला. मग मामी बोलून गेल्या की झाकणं ते स्वतः चिंच लावून घासतात.

आता मामांच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं. ती जालन्यात मामांच्या पुतण्याकडे राहायची. वय पंच्याऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशन कोविडनं लांबलेलं. मामा वाजवतात ती पेटी मुळात मामांच्या वडिलांची. मामांनी ती विमानातून इकडे आणली तेव्हा विमानतळावरच्या माणसानं लाकडात कीड आहे का म्हणून ती उघडायला लावली होती, आणि मामांनी तिथेच एक भजन वाजवून दाखवलं होतं. या साक्षीत तो माणूस पहिल्या वर्षी हसला होता; मी मंडळीत आलो तोवर तो रडायला लागला होता. तर त्या वर्षी मामांचं जालन्याचं तिकीट काढलेलं होतं, ते रद्द झालं. व्हिडिओ कॉलवर आईला मुलाचं नुसतं कपाळ दिसायचं आणि मध्येच चित्र अडकायचं. तिचं एकच मागणं होतं, वडिलांच्या पेटीवर बसलेला मुलगा एकदा डोळे आहेत तोवर नीट बघायचा. मामा हे आम्हाला सारखं सांगायचे. पण मामा आईच्या नावावर काय काय खपवत नसत? पुढच्या ओळीतली खुर्ची हवी असली तरी "आईला फोटो पाठवायचा होता," आणि नवा कोट शिवला तरी "आईची इच्छा." त्यामुळे मी तिकडे कानाडोळा करायला शिकलो होतो.

ऑक्टोबरात आमचा हंगामाचा सण येतो. एरवी त्या दिवशी भोपळे, नारळ, घरची कोथिंबीर वेदीपुढे मांडतात आणि लिलाव होतो. त्या वर्षी ते शक्य नव्हतं, म्हणून ठरलं की सगळ्यांनी घरबसल्या एकच भजन गाऊन फोनवर रेकॉर्ड करावं, आणि मी, कॉम्प्युटरवाला म्हणून, ते तुकडे जोडून एक व्हिडिओ करावा. भजन आमचं नेहमीचंच होतं. आमचं काही नाही, मान आम्हाला नको, जे आहे ते तुझं, अशा अर्थाचं. सणाच्या आधीच्या रविवारचा संदेशही, म्हणजे प्रवचन, माझ्याकडे होता. मी अर्धा तास झाडून बोललो. प्रभूनं स्वतःसाठी कधी वाहवा मागितली नाही, ज्यानं पाठवलं त्याचाच गौरव पाहिला, आणि आपण मात्र त्याचं नाव पुढे करून मागून स्वतःचं सरकवतो, असं सगळं. बोलताना माझ्या डोळ्यांपुढे मामा होते. संदेशाला ग्रुपवर एकोणतीस अंगठे आले. मी ते दोनदा मोजले.

मग तुकडे यायला लागले आणि तुकड्यांबरोबर फोन. पडद्यावर सत्तावीस चौकोन बसवायचे होते, आणि "मान आम्हाला नको" हे गाणाऱ्या सत्तावीसही माणसांना आपला चौकोन कुठे असणार याची काळजी होती. एक ताई म्हणाल्या, माझ्याशेजारी कुणाचाही चालेल, फक्त त्या एकीचा नको. मंडळीतले एक वडील, म्हणजे कारभारी, म्हणाले, मी अगदी बारीक असलो तरी चालेल, पण वरच्या ओळीत. मामांनी एकट्यानं अकरा तुकडे पाठवले, दर तुकड्यात कोट निराळा. वर फोन.

"हे बघ राजा, मला लहानच ठेव," मामा म्हणाले. "अगदी कोपऱ्यात. मी कोण?"

"बरं मामा."

"म्हणजे, कोपऱ्यातच ठेव. फक्त आईला दिसलो म्हणजे झालं. पुतण्या टीव्हीवर लावणारे."

"ठेवतो, मामा."

"नाही, तिला मोतीबिंदू आहे म्हणून म्हटलं. बाकी तू लहानच ठेव."

असे चार फोन झाले. प्रत्येक फोनचा अर्थ मला स्वच्छ कळत होता. आपल्या भाषेत वाढलेल्या कुणालाही कळला असता. आणि तेवढ्याचसाठी, एकोणतीस अंगठ्यांच्या जोरावर, मी ठरवलं की यंदा मामांचं म्हणणं शब्दशः ऐकायचं. मी त्यांना खालच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात, सगळ्यात लहान चौकोन दिला. भजनाच्या ओळी पडद्यावर खाली येत होत्या, ती पट्टी नेमकी त्यांच्या तोंडावरून जात होती. ती सरकवणं माझ्या हातात होतं. मी ती राहू दिली. शेवटी काळ्या पडद्यावर "संकलन, ध्वनी आणि मांडणी" असं लिहून खाली माझं नाव टाकलं. माझी बायको मागे उभी राहून बघत होती.

"तुझं नाव जरा जास्त वेळ राहतंय का रे?" ती म्हणाली.

"लोकांना वाचायला वेळ नको?"

"आणि मामा कुठायत?"

"त्यांनीच सांगितलंय, कोपऱ्यात ठेव म्हणून."

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती चहा करायला गेली. चहा एकच कप केला, स्वतःचा.

रविवारी व्हिडिओ सगळीकडे गेला. वाहवा झाली, एडिटिंग कुणी केलं अशी चौकशी झाली, नाव एवढं मोठं असूनही. मामांचा फोन मात्र आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी मीच त्यांना विचारलं, की व्यायामाच्या तासाला तळ्यापाशी येता का. आमच्या वस्तीत घरांच्या मध्ये एक तळं केलंय, त्याला फेऱ्या मारायला परवानगी होती. मामा मास्क लावून आले. दोन फेऱ्या झाल्या तरी आम्ही हवेबद्दल बोलत होतो.

"आईनं बघितला व्हिडिओ," शेवटी मामा म्हणाले.

"मग?"

"मी दिसलोच नाही तिला." ते चालत राहिले. "पेटी ऐकू आली. पेटी ओळखते ना ती. मग पुतण्याला म्हणाली, मला जवळ ने. टीव्हीला नाक लावून बघितलं म्हणे. इकडून तिकडे, एकेक चौकोन. नाहीच दिसलो."

मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. पंच्याऐंशी वर्षांची बाई काचेला नाक लावून मुलाला शोधतेय आणि तो माझ्या पट्टीखाली झाकलेला. हे मीच केलं होतं, जाणूनबुजून केलं होतं, आणि वर मला त्याचं समाधानही वाटलं होतं.

"मामा," मी म्हटलं, "चुकलं माझं. मी मुद्दाम—"

"अरे, पुढचं तर ऐक. रडली ती फोनवर. मी म्हटलं, आई, रडू नको गं, मी दुसरा पाठवतो. तर म्हणाली, रडत नाही रे, मला भरून आलं." मामांनी मास्क खाली ओढला, श्वास घेतला आणि परत वर केला. "मी लहान असताना नाताळच्या नाटकात मेंढपाळ केला होता. गोठ्यासमोर जाऊन असा मधोमध उभा राहिलो की बाळ येशू कुणालाच दिसला नाही. अख्खं नाटक. घरी आल्यावर आईनं चोपलं. तेव्हापासून सांगत आली, पोरा, तू जरा बाजूला हो, मागचा दिसू दे. पन्नास वर्षं सांगतेय. काल म्हणाली, शेवटी झालास रे बाजूला. पेटी वाजवलीस आणि तोंड नाही दाखवलंस. आता माझे डोळे गेले तरी चालतील."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? हो म्हटलं."

मी म्हटलं, "मामा, मी आज बसतो. नवा व्हिडिओ करतो, तुम्हाला मोठा घेतो. तासाभराचं काम आहे."

मामा थांबले. तळ्याकडे बघत म्हणाले, "मोठा म्हणजे केवढा?"

"अख्खा पडदा. तुम्ही आणि पेटी."

मी त्या माणसाला पंधरा वर्षं ओळखतो. त्याचं सगळं आयुष्य त्या पडद्याकडे तोंड करून चाललेलं होतं. मास्कच्या वरचे डोळे असे काही चमकले की मला वाटलं, आता विचारतील कोट कुठला घालू.

"नको," मामा म्हणाले.

आपल्या रिवाजाप्रमाणे मी दुसऱ्यांदा विचारलं. "नको." तिसऱ्यांदाही विचारलं, अगदी हात धरून. "नको म्हटलं ना. ती जालनाभर सांगत फिरतेय, माझा पोरगा मागं राहिला म्हणून. आता मी पुढे येऊ?" मी मामांचे हजारो नको ऐकलेत. त्यातला खरोखरचा नको असा हा पहिलाच. मला त्यांची फार लाज वाटली, म्हणजे स्वतःची, त्यांच्यापुढे. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "आणि हां, ते शेवटचं मोठ्या अक्षरांतलं नाव तेवढं तिला चष्म्याशिवाय वाचता आलं. कोण आहे म्हणाली हा? मी सांगितलं. तुझ्यासाठी रोज प्रार्थना करणारे ती." हे सांगताना मामांच्या आवाजात जुना आनंद पुरता परत आला होता.

पुढच्या रविवारी मामांनी प्रार्थना केली. "तुला ठाऊकच आहे प्रभू, की सत्तावीस चौकोनांमध्ये सगळ्यात लहान..." असं म्हणाले आणि थांबले. आम्ही डोळे मिटून वाट बघत राहिलो. "ठाऊकच आहे तुला," ते म्हणाले, "आमेन." ती मामांची आजवरची सगळ्यात छोटी प्रार्थना. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी परत कपाटं, डबे, बसचे प्रवासी यांची यादी वाचली, पण व्हिडिओचं नाव पुन्हा कधी निघालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, जालन्याच्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत मामांची आई गेली. ऑपरेशन राहूनच गेलं. विमानं बंदच होती. मामांनी सगळं फोनवर बघितलं. पीपीई घातलेली चार माणसं, लांब उभा असलेला पुतण्या, आणि दोन मिनिटांची प्रार्थना. मी आणि माझी बायको त्यांच्या दाराबाहेर उभे राहिलो, आत जायची परवानगी नव्हती. मामा खिडकीपाशी आले. काच मध्ये होती म्हणून मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"मी खोटं बोललो रे तिच्याशी," ते म्हणाले. "मी कुठं मागं राहिलो होतो? तू ठेवलंस. आणि ती आता तिथं जाऊन सगळ्यांना तेच सांगत असणार. प्रत्यक्ष त्याला सांगत असणार. आणि त्याला तर ठाऊकच आहे."

माझी बायको म्हणाली, "मामा, आई आहे. तिचं तो ऐकून घेईल."

"ऐकून घेईल," ते म्हणाले. "पण मग मला आता तसं राहावं लागेल."

वर्षअखेरीला हॉल परत उघडला. पहिल्या रविवारी मामा सगळ्यांच्या आधी आले आणि त्यांनी पेटी मागच्या भिंतीशी, रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या आड नेऊन ठेवली. वडीलमंडळींनी पुढे या म्हणून तीनतीनदा आग्रह केला. मामा तिथून हलले नाहीत. त्यांना ते सोपं जात नाही, हे मला दिसतं. एखादं कडवं चांगलं जमलं की खुर्च्यांच्या वरून त्यांचं डोकं वर येतं, आणि त्यांचं त्यांनाच आठवतं, आणि ते पुन्हा खाली जातं. भजन संपल्यावर कुणी मागे जाऊन कौतुक करत नाही, कारण आपल्याकडे जो दिसत नाही त्याचं कौतुक करायची पद्धत नाही. लोक आता गाणाऱ्यांचं कौतुक करतात. मी मात्र पेटी सुरू झाली की दर रविवारी एकदा मान वळवून मागे बघतो. बायको कोपरानं ढोसते, तरी बघतो. त्यांच्या आईतर्फे कुणीतरी त्यांना बघायला हवं.